अवघड हिरो आधी घ्या

कीबोर्डवरची तीनच बटणं घ्या: क्यू, डब्ल्यू आणि ई. यांपैकी कुठलंही बटण, हवं तर तेच ते, पण एकूण तीन वेळा दाबायचं. असे प्रकार किती होतील? कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे धरलं तर तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक २७. क्रम सोडून दिला आणि कुठलं बटण किती वेळा दाबलं एवढंच पाहिलं, तर फक्त १०. तिन्ही वेळा एकच बटण असे ३, दोनदा एक आणि एकदा दुसरं असे ६, तिन्ही वेगळी असा १. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’तल्या अंकपाशाच्या प्रकरणात अंकांच्या अशाच मांडण्या मोजायला शिकवल्या आहेत, सारखे अंक पुन्हा आले तर काय करायचं, हेसुद्धा त्यात येतं. ११५० सालच्या त्या ग्रंथाच्या विद्यार्थ्याला आपलं हे कोडं फार वेळ पुरलं नसतं.

आता गंमत अशी, की हे गणित एका मांत्रिकाची सगळी पुंजी आहे. त्याचं नाव इनव्होकर. तो ‘डोटा २’ या गेममध्ये राहतो. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारतीय संघानं ज्या गेममध्ये कांस्यपदक मिळवलं, तोच हा. पाच जण विरुद्ध पाच जण, प्रत्येकानं एकेक हिरो निवडायचा, समोरच्यांचा किल्ला पाडायचा. शंभराहून जास्त हिरो आहेत आणि बहुतेकांकडे चारेक मंत्र असतात: चार बटणं, चार मंत्र, विषय संपला. इनव्होकरचं तसं नाही. त्याच्या क्यू, डब्ल्यू, ई या बटणांनी मंत्र सुटतच नाही. बटण दाबलं की क्वास, वेक्स किंवा एक्झॉर्ट या तत्त्वाचा एकेक गोळा त्याच्याभोवती फिरू लागतो. तीन गोळे जमले की चौथं बटण दाबायचं आणि त्या तिघांच्या मिश्रणातून एक मंत्र तयार होतो. तीन वेळा क्वास म्हणजे कोल्ड स्नॅप: समोरच्याला फटका बसेल तेव्हा तेव्हा तो क्षणभर थिजतो. तीन वेळा एक्झॉर्ट म्हणजे सन स्ट्राइक: नकाशावर कुठंही बोट ठेवा, १.७ सेकंदांनी तिथं आकाशातून आगीचा झोत कोसळतो. शत्रू आत्ता कुठं आहे याला इथं काही अर्थ नाही, तो १.७ सेकंदांनी कुठं असेल ते ओळखायचं. असे १० मंत्र, आणि हाताशी एका वेळी तयार राहतात ते दोनच. डोटाच्या जुन्या अवतारात तर क्रमालाही महत्त्व होतं, तेव्हा याच इनव्होकरकडे २७ मंत्र होते. ज्यांनी ते पाठ केले असतील त्यांना माझा दंडवत.

गेमनं हिरोंना अवघडपणाच्या खुणाही दिल्या आहेत, पत्त्यातल्या चौकटीसारख्या. सोप्याला एक, मध्यमला दोन, अवघडाला तीन. इनव्होकरला अर्थातच तीन. कोथरूड-कर्वेनगरच्या एखाद्या गेमिंग कॅफेत शनिवारी संध्याकाळी नवा मुलगा बसला आणि त्याचा माउस इनव्होकरच्या चित्रापाशी गेला, की शेजारच्या खुर्चीतून हुकूम सुटतो. “पहिल्यांदाच खेळतोयस ना? मग इनव्होकर कशाला? गप स्नायपर घे. उगाच फीड करशील.” फीड करणं म्हणजे वारंवार मरून समोरच्यांना खाऊ घालणं. स्नायपरला एकच चौकट. लांब उभं राहायचं आणि गोळ्या मारायच्या.

हा सल्ला देणारा दुष्ट नसतो. तुम्ही चुकलात तर त्याचाही पाऊणएक तास वाया जातो, ही त्याची अडचण खरीच आहे. पण त्यानं त्या तीन चौकटींचा अर्थ मात्र उलटा लावलेला असतो. त्याच्या मते तीन चौकटी म्हणजे ‘नंतर या’.

अवघडपणाच्या अशाच खुणा लावलेलं एक जगप्रसिद्ध पुस्तक पुण्यातल्याच एका माणसानं लिहिलं आहे, आणि खुणांचा अर्थ कसा लावायचा तेही त्यानंच दाखवून दिलं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला. वय विशीच्या आत, लहानपण आजारपणात गेलेलं, अंगात ताकद बेताची. शिकायला आलेली मंडळी गुरूपेक्षा धडधाकट. आले होते सहा महिन्यांसाठी आणि राहिले ते २०१४ साली शेवटचा श्वास घेईपर्यंत. त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ १९६६ साली आलं; मराठीत ते ‘योगदीपिका’. त्यात प्रत्येक आसनाच्या नावापुढे एक आकडा आणि तारा आहे. ताडासनाला १, म्हणजे नुसतं नीट उभं राहणं. तिथून चढत चढत ६०, म्हणजे तिर्यङ्मुखोत्तानासन: उभ्यानं मागे वाकत जाऊन दोन्ही हातांनी आपल्याच पायांचे घोटे धरायचे. फोटो पाहूनच कंबर दुखते.

पण १९७५ साली शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची जी संस्था उभी राहिली, तिच्या दालनात पाऊल टाकलं की आकड्यांचा धाक विरतो. भिंतीला दोर टांगलेले, लाकडी ठोकळे, पट्टे, घड्या घातलेली ब्लँकेटं, मागचा भाग काढून टाकलेल्या लोखंडी खुर्च्या. ज्याला उलटं उभं राहता येत नाही तो दोराला उलटा लटकतो. ज्याची पाठ मागे वाकत नाही तो खुर्चीवरून वाकतो. अवघड आसन नवख्यापासून लांब ठेवण्याऐवजी त्याला आधार देऊन तिथं नेऊन सोडायचं, ही अय्यंगारांची युक्ती होती. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांनी ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्याकडे शीर्षासनाचा हट्ट धरला. ‘आजी, आधी दहा वर्षं ताडासन करा’ असं काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी त्यांना शीर्षासन करवलं.

म्हणजे त्या आकड्यानं सांगितलेलं असतं की हे आसन पूर्ण जमायला किती खोल जावं लागेल. तिथं जायला सुरुवात कधी करायची, याबद्दल आकडा गप्प असतो. इनव्होकरच्या तीन चौकटींचंही तेच आहे.

मग इनव्होकरच्या बाबतीत दोर आणि खुर्च्या कुठल्या? एक तर गणितातच दडली आहे. तीनऐवजी दोनच तत्त्वं वापरायची ठरवा, क्वास आणि एक्झॉर्ट. डब्ल्यू बटणाला हातच लावायचा नाही. आता तीन दाबण्यांचे प्रकार किती? तिन्ही क्वास, तिन्ही एक्झॉर्ट, दोन क्वास एक एक्झॉर्ट, एक क्वास दोन एक्झॉर्ट. फक्त चार. कोल्ड स्नॅप, सन स्ट्राइक, जमिनीवर बर्फाची भिंत उभी करणारा आइस वॉल आणि आपल्या बाजूनं लढणारी जळती भुतं काढणारा फोर्ज स्पिरिट. चार मंत्र! म्हणजे स्नायपरएवढेच. जगातला सर्वांत गुंतागुंतीचा म्हणून ज्याचा बोलबाला, तो हिरो एक बटण झाकलं की साध्या हिरोच्या मापात बसतो. आणि ही काही लंगडी सवलत नाही; भुतं सोडायची आणि कोल्ड स्नॅप टाकायचा, म्हणजे भुतांच्या प्रत्येक फटक्याला शत्रू थिजतो, ही जोडी मुरलेले खेळाडूसुद्धा सुरुवातीच्या मिनिटांत वापरत आले आहेत. पंधरा-वीस डावांनी झाकलेलं बटण उघडा. उरलेले सहा मंत्र तिथं वाट बघत असतात.

शिवाय हिरो नुसता पडताळून पाहण्याची वेगळी खोली गेममध्येच आहे, तिथं शिव्या द्यायला कोणी नसतं. संगणकानं चालवलेल्या बॉट्सविरुद्ध खेळता येतं. एकेकाळी ही चैन नव्हती. नव्वदच्या दशकातली व्हिडिओ गेम पार्लरं आठवा. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ या गेमला सगळा महाराष्ट्र ‘मुस्तफा’ म्हणायचा, कारण चार पात्रांपैकी चपळ मुस्तफा मिळवायला मारामारी व्हायची. आडदांड मेस कोणाला नको असायचा. त्या मुलांचं चुकत नव्हतं: नाणं एकदा आत गेलं की गेलं, मग प्रयोग कोण करणार? आज डाव हरला तर खिशातून काही जात नाही. तरीही आपण नाणं वाचवल्यासारखेच हिरो निवडतो.

आता मेंदूकडे वळू, कारण खरं नवल तिथं आहे. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २७ उजव्या हाताच्या माणसांना डाव्या हातानं एक क्रम टाइप करायला लावला: ४, १, ३, २, ४. दहा सेकंद जमेल तितक्या वेगानं टाइप करायचं, दहा सेकंद स्वस्थ बसायचं, पुन्हा टाइप. असं छत्तीसेक वेळा. वेग अर्थातच वाढत गेला. प्रश्न एवढाच होता की तो नेमका कधी वाढतो. आपण म्हणू, हात चालू असताना. सराव म्हणजे आणखी काय? मोजणी उलट निघाली. सुरुवातीच्या फेऱ्यांत बोटं चालू असताना वेग जवळजवळ वाढतच नव्हता. तो वाढत होता मधल्या स्वस्थ बसण्याच्या दहा सेकंदांत. दोन वर्षांनी अशाच प्रयोगाच्या नोंदी त्यांनी आणखी बारकाईनं तपासल्या, तेव्हा दिसलं की त्या विश्रांतीत मेंदू नुकताच केलेला क्रम स्वतःशीच पुन्हा चालवून बघत असतो, प्रत्यक्षापेक्षा सुमारे २० पट वेगानं.

डावा हात आणि ओळीनं दाबायची बटणं: इनव्होकरचा खेळाडू क्यू, डब्ल्यू, ई दाबतो तो याच हातानं. डोटात मेलात की पुन्हा उभं राहीपर्यंत काही सेकंद पडदा करडा होतो आणि तुमच्या हातात काही राहत नाही. नवख्याला ही शिक्षा वाटते. प्रयोगशाळेतली माणसं आणि कॅफेतला मुलगा यांत फरक पुष्कळ आहे, हे मान्य. तरी तो करडा पडदा दिसला की चिडून चॅटमध्ये टाइप करत बसण्यापेक्षा हात मांडीवर ठेवा, असं मी सुचवेन.

दुसरा अभ्यास तर गेमवरच झालेला. टॉम स्टॅफर्ड आणि मायकेल ड्युअर यांनी २०१४ साली ‘ॲक्सॉन’ नावाच्या एका छोट्या ऑनलाइन गेमच्या ८,५४,०६४ खेळाडूंच्या नोंदी चाळल्या. कोण लवकर चांगला होतो? सरावात अंतर ठेवणारे पुढे गेले, हे अपेक्षित होतं. पण आणखी एक गोष्ट निघाली. पहिल्या काही डावांत ज्यांचे गुण फार वरखाली होत होते, एकदा बरे तर एकदा पार तळाला, ते पुढे जास्त वर गेले. सुरुवातीपासून एकसारखे बरे खेळणारे त्यांच्या मागे पडले. याचा अर्थ मुद्दाम हरा असा नाही. जो सुरुवातीला चाचपडत वेगवेगळं करून बघतो, त्याला गेमचा आवाका कळतो, असा तर्क यातून करता येतो. स्नायपर घेऊन लांब उभा राहणाऱ्याचे गुण एकसारखे येतात. इनव्होकरवाल्याचा आलेख ताम्हिणीच्या रस्त्यासारखा.

हे सगळं डोटापुरतं नाही. समोरासमोरच्या मारामारीच्या गेममध्ये तर यातलं नवल आणखी जवळून दिसतं, आणि तिथं आपला एक देशबांधवही आहे. १९९१ साली कॅपकॉम या जपानी कंपनीनं ‘स्ट्रीट फायटर २’ आणला. निवडायला आठ पात्रं, त्यातला एक धालसिम: हडकुळा, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, आणि योगाच्या बळावर हात-पाय अर्ध्या पडद्यापर्यंत लांब करणारा योगी. योग म्हणजे काय याबद्दल त्या कंपनीची समजूत काय होती कोण जाणे. मॉडेल कॉलनीत तरी असा प्रकार कोणी पाहिलेला नाही. पण पात्र म्हणून तो भन्नाट जमलाय, आणि पहिल्यापासून अवघड म्हणून प्रसिद्ध आहे.

का अवघड, ते पाहू. इतरांचा ठोसा हातभर लांब जातो, धालसिमचा कितीतरी पुढे. फायदाच की! पण हात पुढे गेला की तो परत येईपर्यंत तो हात हेच लक्ष्य होतं. समोरच्यानं नुसत्या हातावर मारलं तरी मार धालसिमला लागतो. शिवाय चाल संथ. र्‍यूसारख्या सोप्या पात्रानं नवखा उड्या मारत, आगीचे गोळे फेकत चार डाव जिंकून जातो आणि का जिंकला ते त्याला कळत नाही. धालसिम घेतला तर का हरलो ते दर वेळी दिसतं: हात लांब टाकला आणि तो मागे घेण्याआधी मार बसला. अंतर हा या सगळ्या गेमचा गाभा आहे, आणि धालसिम पहिल्या मिनिटापासून दुसरं काही शिकवतच नाही.

हे गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एक चित्र, खेळाडूंच्या भाषेत एक फ्रेम, सुमारे १६.७ हजारांश सेकंदांची. वेगवान ठोसा चार फ्रेममध्ये पोचतो. माणसाला काही दिसून त्याचं बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. हिशेब कळला? तो ठोसा बघून अडवणं कोणत्याही माणसाला शक्य नाही, जगज्जेत्यालाही नाही. सगळे अंदाजावर खेळतात. हा किती अंतरावर आहे, इथून त्याला काय सोयीचं, मागच्या वेळी त्यानं काय केलं. ज्याला आपण चपळाई म्हणून टाळ्या देतो, ती खूपशी आधीच झालेली तयारी असते. आणि अंदाज शिकायला वेगवान बोटं लागत नाहीत, म्हणून नवख्यानं ते पहिल्या दिवशी सुरू करायला काहीच हरकत नाही.

दोरही आहेत. २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये ‘मॉडर्न’ नावाची सोपी बटणरचना आली. पूर्वी आगीचा गोळा टाकायला काठी चतकोर फिरवून ठोसा दाबावा लागे, आता एक बटण पुरतं. त्या बदल्यात अशा माऱ्याची ताकद २० टक्क्यांनी घटते. जुने खेळाडू यावर नाक मुरडतात. माझ्या मते हा चोख सौदा आहे: बोटांचं ओझं उतरतं, डोक्याचं तेवढंच राहतं. सरावाच्या दालनात प्रत्येक फ्रेमचा रंगीत पट्टा पडद्यावर दिसतो. धालसिमचा हात नेमका किती वेळ उघडा पडला ते तिथं मोजून बघा.

एक आक्षेप मला पटतो. अवघडपणा उपयोगी पडतो तो शिकणाऱ्याला त्याच्याशी झुंजता येत असेल तेव्हाच. ‘इष्ट अडचणी’ ही कल्पना मांडणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बिऑर्क हीच अट घालतात. नवख्याला काहीच कळत नसेल, आपण का मेलो हेही नाही, तर ती अडचण नुसतीच अडचण. म्हणून गेम उघडल्या उघडल्या इनव्होकर नको. डोटाचा नकाशा, दुकान, मनोरे कळेपर्यंत दहा-बारा डाव कुठल्याही हिरोनं खेळा, स्नायपरनंही चालेल. त्यापुढे मात्र सोप्या हिरोला चिकटून राहायचं काही कारण नाही. दहा-बारा डावांचे दोनशे कधी होतात कळत नाही, आणि मग रँक घसरेल या भीतीनं नवा हिरो हातात धरवत नाही.

आणि हिरो निवडताना एकच कसोटी लावा: बघून तोंडाचा आ वासतो का? दुसऱ्याचा खेळ पाहताना ज्या पात्राला उद्देशून ‘हे कसं केलं यानं?’ असं तोंडातून निघालं, तेच पात्र घ्या. आवडीच्या पात्रासाठी माणूस पन्नास डाव हरायला तयार होतो, सोयीच्या पात्रासाठी पाचही नाही. पहिले डाव बॉट्सविरुद्ध, पुढचे ओळखीच्या चौघांबरोबर, त्यांना आधी सांगून; अनोळखी लोकांच्या रँक्ड डावात शेवटी. एका बैठकीत दोन-तीन डाव पुरेत, राहिलेलं झोपेनंतर. कॅफेत कोणी ‘गप स्नायपर घे’ म्हणालाच, तर ‘दोनच बटणं वापरतोय रे’ एवढं सांगा आणि खेळा.

फक्त मीपो नावाचा हिरो सध्या सोडून द्या. त्यात तुम्ही एकाच वेळी चार-पाच मीपो चालवता आणि त्यातला एक जरी मेला, तरी सगळे मरतात. तो दुसऱ्या वर्षी.